बडोद्याच्या ग्रुप फोटोंमधले कोपरे



जुने फोटो निघाले की आपण त्यातल्या माणसांबद्दल बोलतो. फोटो कुठल्या लेन्सने काढला हे कोणी विचारत नाही. आमच्या मोठ्या काकांचा दांडिया बाजारात स्टुडिओ होता, त्यामुळे आमच्याकडे जेवतानासुद्धा वाद व्हायचा तो लेन्सवरूनच. ते वाद आठवतात तसे लिहून ठेवतो.

फोटोग्राफी आपल्या गावाला नवी नव्हती. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, कलाभवन सुरू झालं. दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते इथेच, आणि पुढे त्यांनी गोध्र्याला स्टुडिओ काढला. घराघरांत कॅमेरा पोचवला तो आगफा क्लिक थ्रीने, आणि तोही आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार व्हायचा. एका रोलवर १२ चौकोनी फोटो. लेन्स अगदी साधी, ऊन की ढग एवढंच बघायचं आणि खटका दाबायचा. सहलीला झकास, पण त्यावर धंदा होत नाही.

धंद्याला लागायचा दोन लेन्सचा कॅमेरा. वरच्या लेन्समधून बघायचं, खालची फोटो काढते. साठीच्या दशकाच्या शेवटी काकांपुढे प्रश्न होता : जर्मन रोलीफ्लेक्स की जपानी याशिका? परदेशी मालावर निर्बंध, त्यामुळे रोली मिळायचा तो बहुधा जुना. त्याच्या मागितलेल्या किमतीत दोन याशिका आल्या असत्या.

काका म्हणायचे, "नावावर जाऊ नका, आत काचा किती ते विचारा." तीन काचांची ट्रिपलेट रचना १८९३ मध्ये इंग्लंडच्या डेनिस टेलरने काढली. झाइसच्या पॉल रुडॉल्फने १९०२ मध्ये टेसार आणली. तिच्यात चार काचा, मागच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या. पुढे निम्म्या जगाने हीच रचना उचलली. जुन्या रोलीफ्लेक्सवर बहुधा टेसार किंवा श्नायडरची झेनार असायची, आणि झेनारही त्याच घराण्यातली. याशिकात दोन प्रकार : स्वस्त मॉडेलवर तीन काचांची याशिकोर, वरच्यावर चार काचांची याशिनॉन. म्हणजे खरी लढत जर्मनी-जपानची नव्हतीच, तीन काचांची आणि चार काचांची होती.

काकांनी ओळखीतून तिन्ही कॅमेरे दोन दिवसांसाठी आणले आणि स्टँडवर लावून न्यायमंदिराचे फोटो काढले. फिल्म तीच, वेळ तीच. एफ ११ वर तिन्ही इतके सारखे की मागे लिहिलं नसतं तर ओळखू आले नसते. एफ ३.५ वर मात्र मधला भाग तिघांचा चांगला, पण याशिकोरच्या कोपऱ्यांतली जाळी लोण्यासारखी विरघळलेली. टेसार आणि याशिनॉनचे कोपरेही थोडे मऊ होते, पण नक्षी मोजता येत होती.

आता म्हणाल, मग एफ ११ वरच काढा की! भर उन्हात काढता येतं. पण आपले ग्रुप फोटो निघायचे कुठे? वाड्याच्या चौकात, मुंज-लग्नाच्या गडबडीत, सावलीत. तिथे अॅपर्चर लहान केलं की शटर हळू करावं लागतं, आणि पोरं हलतात. म्हणून फोटोग्राफर अॅपर्चर मोठं ठेवायचा आणि कोपऱ्यांवर पाणी सोडायचा.

आणि कोपऱ्यात कोण असायचं? मधे खुर्चीवर आजोबा-आजी, शेजारी जावई, पुढे नातवंडं. सुना, लेकी, आश्रित मावशी मागे आणि कडेला. आमच्या धाकट्या आत्याचा एकच फोटो आहे, १९५० च्या सुमाराचा, दुसऱ्या कुणा फोटोग्राफरने काढलेला. ती डावीकडे अगदी टोकाला उभी आहे. आजोबांच्या मिशीचा केस न् केस दिसतो, आत्याचा चेहरा म्हणजे नुसता पांढुरका गोल. दोन वर्षांत ती गेली. आजी तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि काही न बोलता ठेवून द्यायची. काकांच्या मनात ते फार खोल गेलं होतं.

त्यांनी अखेर याशिनॉनवाला याशिका घेतला आणि वाचलेल्या पैशांतून एन्लार्जरची चांगली लेन्स आणली. हिशोब सरळ होता : निगेटिव्ह कितीही धारदार असो, मोठा प्रिंट करताना मधे हलकी लेन्स आली की सगळं मातीत. निगेटिव्हच्याच आकाराच्या छोट्या प्रिंटवर टेसार काय नि याशिकोर काय, फरक कळत नाही. भिंतीवरच्या मोठ्या फोटोत कळतो. शिवाय काका ग्रुप अर्धवर्तुळात उभा करायचे, म्हणजे कडेची माणसं लेन्सपासून मधल्यांइतक्याच अंतरावर येत, आणि टोकाला थोडी जागा मोकळी सोडायचे. "कडेला भिंत येऊ दे, माणूस नको," हे त्यांचं वाक्य. जावईबुवांना जरा सरकावं लागायचं, ते रुसायचेही.

मंडळी, तुमच्या घरचे ग्रुप फोटो काढा आणि या वेळी कोपरे बघा. तिथल्या बायकांची नावं सांगू शकणारं कोणी घरात असेल तर आजच विचारून पेन्सिलीने मागे लिहा. आणि निगेटिव्ह सापडली तर पावसाळ्याआधी कोरड्या डब्यात ठेवा. प्रिंट पुसट असला तरी निगेटिव्हमध्ये चेहरा कधी कधी शाबूत असतो. आमच्या आत्याची निगेटिव्ह मिळाली नाही. तुमच्याकडे असेल कुणाची तरी.