यवन नावाडी आणि कोकणची बंदरे : काही स्थलनामांची साक्ष

तांबड्या समुद्रातून बाहेर पडून अरबी समुद्र सरळ ओलांडण्याचा मार्ग हिप्पालस नावाच्या यवन नावाड्याने शोधून काढला, असे विधान आपल्या पाठ्यग्रंथांतून पुष्कळ ठिकाणी आढळते. त्याचा मुख्य आधार म्हणजे ‘पेरिप्लुस’ हा ग्रीक ग्रंथ. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील कोणा व्यापाऱ्याने तो लिहिला. कर्त्याचे नाव ग्रंथात नाही. बंदरांची स्थाने व समुद्राची स्थिती ध्यानी घेऊन हिप्पालसने भर समुद्रातील मार्ग प्रथम काढला, एवढेच तेथे म्हटले आहे. परंतु इ. स. ७७ च्या सुमारास लिहिणारा प्लिनी हाच शब्द वाऱ्याचे नाव म्हणून वापरतो. तेव्हा हिप्पालस हा माणूस की वारा, याविषयीही अभ्यासकांत एकमत नाही.

नैर्ऋत्येचा वारा ज्यांच्या दारावरून दरवर्षी जातो, त्यांस तो शोधून काढावा लागत नाही. स्ट्रेबोने पोसिडोनियसच्या आधाराने दिलेली एक कथा या दृष्टीने महत्त्वाची आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, तारू फुटून अर्धमेल्या अवस्थेत सापडलेला एक हिंदी मनुष्य इजिप्तच्या राजापुढे आणला गेला. त्यास ग्रीक भाषा शिकविण्यात आली आणि पुढे त्यानेच युडॉक्सस प्रभृतींस हिंदुस्थानचा मार्ग दाखविला. स्ट्रेबोचा स्वतःचा या कथेवर विश्वास नव्हता. ती खरी मानावी असा आमचाही आग्रह नाही; परंतु मार्ग दाखविणारा हिंदी असणे यवनांस असंभाव्य वाटत नव्हते, इतके तीवरून निश्चित दिसते.

कथेपेक्षा अधिक भरवशाचा पुरावा स्थलनामांचा होय. ‘पेरिप्लुस’मध्ये आपल्या बंदराचे नाव ‘सुप्पारा’ असे येते. संस्कृत रूप शूर्पारक. ‘श’चा ‘स’ आणि ‘र्प’चा ‘प्प’ हे दोन्ही विकार शुद्ध प्राकृत आहेत. गंमत अशी की, कार्ले येथील लेखात ‘सोपारक’ असा एकेरीच ‘प’ आहे, कारण त्या काळच्या ब्राह्मी लेखनात द्वित्त दाखविण्याची चाल नव्हती. आपल्या लेखनिकांनी जे लिहिले नाही ते परक्याने ऐकून टिपले! दक्षिणापथासाठी ग्रंथात ‘दखिनाबदेस’ असे रूप असून, तेथील भाषेत दक्षिणेस ‘दखनोस’ म्हणतात, असा खुलासाही केला आहे. यात ‘क्ष’ नाही, ‘ख’ आहे; ‘पथ’मधील दोन्ही व्यंजने मृदू झालेली आहेत. ग्रीकमध्ये ‘ध’ नसल्याने तेथे ‘द’ आला. हे नाव पंडिताच्या पोथीतून उतरलेले नव्हे. ते बंदरातल्या व्यापाऱ्यांच्या तोंडचे आहे.

पैठण आणि तगर (आजचे तेर) यांविषयीही हेच म्हणता येईल. भृगुकच्छाहून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे ग्रंथकार सांगतो. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तगरहून कापड बिकट वाटांनी गाड्यांतून येते, हेही नोंदवितो. दिवसांत मोजलेले हे अंतर गाडीवानाचे आहे, नावाड्याचे नव्हे. कल्याणचे बंदर त्या वेळी परकी गलबतांस जवळजवळ बंद होते. तेथे चुकून शिरलेले गलबत पहाऱ्यात भृगुकच्छास नेले जाई. म्हणजे घाटावरचा माल आणि घाटावरची माहिती या दोहोंची वाट एकच होती.

सर्वांत बोलके उदाहरण चौलचे. ‘पेरिप्लुस’मध्ये ते ‘सेमुल्ला’ आहे. इ. स. १५० च्या सुमारास टॉलेमी त्यास ‘सिमुल्ला’ म्हणतो आणि तेथील लोक मात्र त्यास ‘तिमुला’ म्हणतात, अशी नोंद करतो. एकाच नावाची ‘स’ आणि ‘त’ ही दोन आद्याक्षरे कशी? कान्हेरीच्या लेखांत नाव ‘चेमुल’ असे आहे. ग्रीक वर्णमालेत ‘च’ नाही. तो कोणी ‘स’ ऐकला, कोणी ‘त’. टॉलेमीला बातमी देणाऱ्याने स्थानिक उच्चार मुद्दाम निराळा सांगितला, यावरून त्याने तो कोकणी माणसाच्या तोंडूनच ऐकला असावा, असे आमचे मत आहे. दहाव्या शतकात अल्-मसूदी या गावास ‘सैमूर’ म्हणतो. अरबीतही ‘च’ नाही. आणि मधल्या काळात चेमुलकरांच्या स्वतःच्या तोंडी, ‘ग्राम’चे ‘गाव’ व ‘नाम’चे ‘नाव’ झाले त्याच नियमाने, ‘म’चा ‘व’ होऊन ‘चेंवुल’, ‘चेऊल’ आणि अखेर ‘चौल’ झाले. ‘च’ मात्र जागच्या जागी राहिला.