गुप्त मतदानाची कुळकथा

इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मत द्यायचे म्हणजे ते चारचौघांत मोठ्याने सांगायचे. मतदार पुढे येई, उमेदवाराचे नाव घेई आणि कारकून ते वहीत उतरवून घेई. पुष्कळ ठिकाणी या नोंदी पुढे छापून विकल्याही जात. कोणत्या कुळाने कोणाला मत दिले हे जमीनदाराला घरबसल्या वाचता येई, आणि मर्जीविरुद्ध मत देणाऱ्याची जमीन जाई. दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटे, मजुराचे काम सुटे. पैसे वाटणाऱ्यालाही हीच पद्धत सोयीची होती, कारण विकत घेतलेले मत खरोखर पडले की नाही याची खात्री तिथल्या तिथे होत असे.

मत झाकून देण्याची युक्ती मात्र फार जुनी आहे. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात अथेन्सच्या न्यायसभेतल्या प्रत्येक पंचाला काशाच्या दोन चकत्या मिळत. एकीच्या मधला दांडा पोकळ असे, दुसरीचा भरीव. पोकळ चकती फिर्यादीच्या बाजूची, भरीव चकती आरोपीच्या बाजूची. दांड्याची टोके बोटांच्या चिमटीत धरली की कोणती चकती कुठल्या भांड्यात पडली हे शेजाऱ्यालाही कळत नसे. रोममध्ये इसवी सनपूर्व १३९ मध्ये गाबिनियसच्या कायद्याने निवडणुकीत तोंडी मताऐवजी मेण लावलेली पाटी आणली. मतदार अरुंद फळीवजा पुलावरून जाऊन पाटी टोपलीत टाकत. इसवी सनपूर्व ११९ मध्ये मारियस या अधिकाऱ्याने हे पूल आणखी अरुंद करवले, कारण वजनदार माणसे तिथे उभी राहून पाट्यांत डोकावत असत. सिसेरोसारख्या उमरावांच्या पाठीराख्याला हे कायदे खटकले. दडपण आणण्याची वाट बंद झाली म्हणजे कोणाचा वचक जातो, हे त्याला नेमके ठाऊक होते.

पुढे व्हेनिसच्या प्रजासत्ताकात लहान गोळ्या टाकून मतदान होई. ‘बॅलट’ हा शब्द गोळीच्या त्या इटालियन नावावरूनच आला. इंग्लंडमध्ये १८३८ च्या चार्टिस्ट सनदेत कामगारांनी गुप्त मतदानाची मागणी मांडली आणि संसदेने ती वर्षानुवर्षे फेटाळली. जॉन स्टुअर्ट मिलसारखा स्वातंत्र्याचा कैवारीही विरोधात होता. मत ही समाजाची ठेव आहे, तेव्हा ते समाजासमोरच द्यावे, असे त्याचे म्हणणे. युक्तिवाद उदात्त होता, पण ज्याची चूल दुसऱ्याच्या मर्जीवर पेटते त्या माणसाला त्यात जागा नव्हती.

आज आपण ओळखतो ती पद्धत ऑस्ट्रेलियात जन्मली. व्हिक्टोरिया वसाहतीच्या विधिमंडळात विल्यम निकल्सन यांनी १८५५ च्या अखेरीस गुप्त मतदानाचा ठराव संमत करून घेतला आणि सरकार गडगडले. कायद्याचा तपशील हेन्री चॅपमन या वकिलाने बसवला. मतपत्रिका सरकारने छापायची, तिच्यावर सगळ्या उमेदवारांची नावे एकत्र, ती मतदान केंद्रातच हाती द्यायची, आडोशाला भरायची आणि घडी घालून पेटीत टाकायची. मार्च १८५६ मध्ये व्हिक्टोरियाने आणि पुढच्याच महिन्यात दक्षिण ऑस्ट्रेलियाने हा कायदा केला. व्हिक्टोरियात नको असलेली नावे खोडावी लागत. हव्या त्या नावापुढे फुली मारण्याची सुटसुटीत रीत दक्षिण ऑस्ट्रेलियाचे निवडणूक अधिकारी विल्यम बूथबी यांनी रुळवली.

ब्रिटनने १८७२ मध्ये कायदा केला. १५ ऑगस्ट १८७२ ला पॉन्टेफ्रॅक्ट गावच्या पोटनिवडणुकीत तो प्रथम वापरला गेला. तिथल्या पेटीवरच्या लाखेवर उमटवायला गावातल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या कारखान्याचा शिक्का आणला होता. ती पेटी तिथल्या संग्रहालयात आहे.

अमेरिकेत पक्षच आपापल्या रंगीत चिठ्ठ्या छापत, त्यामुळे कोणाच्या हातात कोणती चिठ्ठी आहे हे लांबूनही दिसे. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ऑस्ट्रेलियन पद्धत घेतली आणि १८९२ पर्यंत ती बहुतेक राज्यांत पोचली. पण दक्षिणेकडच्या काही राज्यांनी तिचाच उलटा उपयोग केला. छापील नावे वाचता न येणारे, विशेषतः गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय, मतदानातून आपोआप गळाले. निरक्षराला वापरता येत नाही ते गुप्त मतदान अपुरे, हा धडा तिथे मिळाला.

भारतासमोर १९५१ मध्ये हाच प्रश्न उभा होता. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार आणि साक्षरता जेमतेम १८ टक्के. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात यावर सरळ तोड निघाली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह, आणि पेट्या पडद्याआड. मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, वाचायचे काहीच नाही. पोलादी पेट्यांपैकी १२ लाखांहून अधिक मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नाव आणि चिन्ह असलेल्या एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली. मतदान यंत्राचा पहिला प्रयोग १९८२ मध्ये केरळात परूर इथे झाला. पेटी गेली, यंत्र आले, आडोसा राहिला.

त्या आडोशाचे मोल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा सांगितले. कोणालाच मत द्यायचे नाही अशा मतदाराला तोवर नोंदवहीत तसे लिहवून सही करावी लागे, म्हणजे गुप्तता तिथेच भंगे. म्हणून ‘नोटा’चे बटण आले.

सुमारे दोन हजार वर्षांच्या काळात रोम, व्हिक्टोरिया आणि दिल्लीने एकच गोष्ट ओळखली. हक्क कागदावर मिळाला तरी तो बजावताना दुबळ्याच्या मानेवर कोणाचा हात असेल, तर तो हक्क नव्हे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९४ प्रमाणे मत कोणाला दिले हे सांगायला भाग पाडता येत नाही, न्यायालयातल्या साक्षीदारालाही नाही. मालक, पुढारी किंवा घरातला कर्ता, कोणीही विचारले तरी गप्प राहण्याचा हक्क प्रत्येकाचा आहे. तो आपण बजावावा आणि आपल्या घरातल्या, हाताखालच्या माणसांनाही बजावू द्यावा.