आठचा आकडा आणि घाटातलं वळण

लायसन्सच्या परीक्षेत मला आठ काढायला लावला होता. मैदानावर आखलेला आठचा आकडा, त्यावरून पाय न टेकवता बाईक फिरवायची. मी क्लच अर्धवट दाबून, हँडल इकडून तिकडे फिरवत तो नीट काढला आणि पास झालो. तीन आठवड्यांनी पुण्याहून साताऱ्याला निघालो. शिरवळ गेलं, खंडाळा गेलं, खंबाटकी घाट सुरू झाला आणि एका डाव्या वळणावर कळलं की आपल्याला वळताच येत नाही.

उजव्या हाताला एक कंटेनर होता. वळण वाटलं त्यापेक्षा मोठं निघालं. मी घाबरून हँडल डावीकडे वळवायला गेलो आणि बाईक उजवीकडे, थेट कंटेनरच्या चाकांकडे सरकली. पुढे काय केलं ते नीट आठवत नाही. कंटेनर निघून गेला, मी राहिलो. घाटमाथ्यावर बाईक लावून बराच वेळ बसलो. हात थरथरत होते, पण डोक्यात एकच प्रश्न होता : डावीकडे वळवलं, तर ती उजवीकडे का गेली?

या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच छापून आलेलं आहे.

1869 साली सायकलीला साखळीसुद्धा नव्हती. पायडल पुढच्याच चाकाला असायचे आणि त्या गाडीला व्हेलोसिपीड म्हणत. त्या वर्षी विल्यम रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरनं दोन चाकांवरचा तोल कसा राहतो, यावर लेख लिहिले. त्यातला मुद्दा आजही ऐकणाऱ्याला खोटा वाटतो. डावीकडे वळायचं असेल, तर पुढचं चाक आधी क्षणभर उजवीकडे वळावं लागतं. चाक उजवीकडे सरकलं की वरचं वजन डावीकडे कलतं, आणि गाडी कलली की ती त्या बाजूला वळते. म्हणजे वेगात असताना हँडलची डावी मूठ पुढे ढकलली, तर बाईक डावीकडे जाते. मी खंबाटकीत नेमकं उलटं केलं होतं. डावी मूठ स्वतःकडे ओढली होती.

चालण्याच्या वेगात हे जाणवत नाही. तिथे हँडल जिकडे वळवू तिकडे गाडी जाते, असंच वाटतं. आठचा आकडा त्याच वेगातला. त्यामुळे परीक्षेत जे हाताला शिकवलं जातं, ते हायवेवर अपुरं पडतं आणि घाबरल्यावर तर उलटंच पडतं.

मग एवढी वर्षं लोक सायकली चालवत होतेच की! हो, पण न कळता. विमान बनवणारे राइट बंधू मुळात सायकलवाले. त्यातल्या विल्बरनं बऱ्याच सायकलस्वारांना विचारून पाहिलं होतं की तुम्ही डावीकडे कसे वळता. नीट उत्तर कुणालाच देता आलं नाही. हात बरोबर करत होते, तोंड चुकीचं सांगत होतं. सायकल हलकी असते आणि वेग कमी, त्यामुळे हे न समजून चालून जातं. दीडशे किलोच्या बाईकवर, ट्रकच्या शेजारी, चालून जात नाही.

गंमत म्हणजे जगातली पहिली पेट्रोलची मोटरसायकल झुकूच शकत नव्हती. 1885 साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवलं आणि दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं लावली, लहान मुलांच्या सायकलीला असतात तशी. त्यांना इंजिन चालतं का ते पाहायचं होतं, चालवणाऱ्याचा विचार दुय्यम होता. मला वाटतं, मोटरसायकलच्या इतिहासात पुढेही बराच काळ हेच होत राहिलं. इंजिनं मोठी झाली, रस्ते रुंद झाले, चालवणारा मात्र आपापला शिकत राहिला.

त्याचा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकेत. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट या संशोधकाच्या पथकानं लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. शिवाय पोलिसांचे 3,600 अहवाल वाचले. 1981 साली त्यांचा अहवाल आला. तो वाचताना मला माझाच पंचनामा वाचल्यासारखं वाटलं.

अपघातात सापडलेल्यांपैकी 92 टक्के लोकांनी कुठलंही प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. ते स्वतः शिकले होते, नाहीतर घरच्यांकडून, मित्रांकडून. म्हणजे आपल्या भाषेत, सगळ्यांना मामेभावानंच शिकवलं होतं. निम्म्याहून जास्त लोकांना त्या गाडीवर पाच महिन्यांचाही सराव नव्हता. वेग म्हणाल तर फार नाही, अपघाताआधीचा मध्यम वेग ताशी 48 किलोमीटरच्या आसपास. धोका दिसल्यापासून हातात वेळ असायचा दोन सेकंदांहूनही कमी. त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवलं आणि पुढचा जेमतेम वापरला. हँडल उलट दाबून बाजूला निसटण्याचं कौशल्य तर जवळपास कुणाकडेच दिसलं नाही. रँकिनला ते कळून तेव्हा 112 वर्षं झाली होती.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात कीथ कोड नावाचा प्रशिक्षक हे शिकवायला लागला होता. लोकांना वाटायचं, बाईक अंगानं झुकून वळते, हँडलचा काय संबंध? म्हणून त्यानं पुढे एक बाईक बनवली. तिला नेहमीच्या हँडलबरोबर दुसरं, सांगाड्याला घट्ट बसवलेलं हँडल होतं. ते धरून कितीही अंग झुकवा, बाईक जेमतेम हलायची. दोन मिनिटांत वाद मिटायचा.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या आईवडिलांच्या पिढीची दुचाकी म्हणजे स्कूटर. बजाज चेतक 1972 साली आली, आणि ती मिळवायला वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. लहान चाकं, पुढे एक मूल उभं, मागे बाई एका बाजूला पाय सोडून बसलेली. ती गल्लीबोळांची, ऑफिसची, भाजीची गाडी. त्या गाडीनं एक सल्ला घराघरात पोचवला : ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील.’ छोट्या चाकांवर, वाळू पसरलेल्या रस्त्यावर त्यात तथ्य होतं.

मग 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. थोड्या पेट्रोलमध्ये खूप लांब जाणारी बाईक सामान्य माणसाच्या हातात आली. 2001 साली पल्सर आली आणि ताकदही आली. त्याच वर्षांत सुवर्ण चतुष्कोन योजनेत पुणे-सातारा-कोल्हापूर रस्ता चौपदरी होत होता. गाडी बदलली, रस्ता बदलला, सल्ला मात्र चेतकचाच राहिला. दादानं मला कॉलेजच्या ग्राउंडवर बाईक शिकवली तेव्हा पहिलं वाक्य तेच होतं. दुसरं वाक्य : ‘तोल सांभाळ, बाकी आपोआप येतं.’

दादाची चूक नाही. त्यालाही कुणीतरी असंच शिकवलं होतं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चालकाच्या परीक्षेसाठी ओव्हरटेक करणं, अचानक थांबणं हे सगळं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात दुचाकीची परीक्षा अनेक ठिकाणी आठच्या आकड्यावर संपते. आणि 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. आपण त्यावर एक सोपा उपाय काढला आहे : मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकी नको, समृद्धी महामार्गावर नको. ते योग्यही असेल. पण जुन्या हायवेवर, ट्रक आणि एसट्यांच्या मधून, आपल्याला जायचंच आहे.

मी काय केलं ते सांगतो. एका रविवारी पहाटे रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताशी 40 च्या वेगात डावी मूठ अगदी हलकेच पुढे दाबली. बाईक डावीकडे कलली. उजवी दाबली, उजवीकडे. तासभर तेवढंच केलं. पुढच्या रविवारी ब्रेक : पुढचा आधी हळू, मग वाढवत, जोडीला मागचा. तिसऱ्या रविवारी हायवे. तिथे शिकलो की ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. ट्रकचा उजवा इंडिकेटर ‘मी वळतोय’ असं सांगत असेल किंवा ‘तू पुढे जा’ असंही. म्हणून थांबून खात्री करायची. ट्रक शेजारून गेला की हवेचा धक्का बसतो, तेव्हा मुठी आवळायच्या नाहीत, कोपर सैल सोडायचे. डाव्या कडेनं उलट दिशेनं कुणीतरी येणारच, हे धरून चालायचं. आणि डोळे खड्ड्यावर ठेवायचे नाहीत. नजर जिथे, बाईक तिथे.

यातलं एकही काम धाडसाचं नाही. मला आधी वाटायचं की हायवेवर सहज जाणाऱ्यांच्या छातीत काहीतरी वेगळं असतं. वेगळं असतं ते त्यांच्या हातात, आणि ते शिकता येतं.

दोन महिन्यांनी पुन्हा साताऱ्याला निघालो. खंबाटकीत तेच डावं वळण आलं, उजवीकडे या वेळी उसाचा ट्रक. वेग आधीच कमी केला, वळण जिथे संपतं तिथे पाहिलं, डावी मूठ दाबली. बाईक कलली, वळली, सरळ झाली. घाटमाथ्यावर थांबलो नाही. साताऱ्यात पोचल्यावर दादाला फोन केला आणि म्हटलं, पुण्याला आलास की एक रविवार मोकळा ठेव, तुला बाईक शिकवायची आहे.