पिसवांची पूड आणि शेवंतीची चुलतबहीण

पावसाळा सुरू झाला की आपल्या इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. "कुत्र्याला पिसवा झाल्यात, गोचीडही दिसतायत. केमिकल नकोय, काहीतरी नॅचरल सांगा ना." आता मी काही जनावरांची डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही. इतिहास सांगते. कारण या नॅचरलच्या मागे दोनशे वर्षांची गोष्ट आहे, आणि ती माहीत नसेल तर घरातलं मांजर जिवानिशी जाऊ शकतं. घाबरवत नाहीये, पुढे कळेलच.

गोष्ट एका फुलाची आहे. नाव पायरेथ्रम. आपल्या शेवंतीची चुलतबहीण म्हणा. एकोणिसाव्या शतकात कॉकेशस आणि इराणकडून या वाळलेल्या फुलांची पूड युरोपात यायला लागली. लोक तिला 'पर्शियन पावडर' म्हणायचे. अंथरुणात टाका, कुत्र्याच्या केसांत चोळा, पिसवा पटापट गळून पडतात. योहान झाखर्ल नावाच्या एका ऑस्ट्रियन व्यापाऱ्याने तिफ्लिसहून, म्हणजे आजच्या तिबिलिसीहून, ही पूड मागवून व्हिएन्नात विकली. धंदा असा फोफावला की १८९० च्या आसपास त्याच्या घराण्याने कारखान्याची इमारत थेट मशिदीसारखी बांधली. घुमट, रंगीत फरशा, सगळं काही. का? तर माल पूर्वेकडचा आहे हे लांबूनच कळावं. ब्रँडिंग ब्रँडिंग म्हणतात ते हेच! इमारत अजून उभी आहे, फोटो नक्की शोधा.

मग कळलं की डाल्मेशियात, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, याच जातकुळीचं एक पांढरं फूल होतं आणि ते जास्त जहाल आहे. झालं, बाजार तिकडे वळला. मागणी वाढली तशी भेसळही आली. दुसरीच फुलं दळून मिसळायची आणि रंग पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात हळद घालायची. काही जण तर चक्क शिसं असलेला पिवळा रंग घालायचे. म्हणजे डब्यावर फुलाचं चित्र आणि आत शिसं. कुत्रं अंग चाटणार, ते शिसं पोटात जाणार. 'नॅचरल' लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवायची सवय तेव्हापासूनची आहे बरं का.

हे फूल करतं काय? त्यातली पायरेथ्रिन नावाची द्रव्यं किड्याच्या मज्जातंतूंवर घाला घालतात. मज्जातंतूत सोडियमच्या ये-जा करण्याच्या बारीक वाटा असतात. त्या उघडल्या की पुन्हा बंद व्हायला हव्यात. पायरेथ्रिन त्या बंद होऊ देत नाही. किडा थरथरतो, लुळा पडतो, मरतो. हा 'थरथरतो' शब्द लक्षात ठेवा, परत लागणार आहे. यात एक अडचण होती. ऊन लागलं की हे द्रव्य लवकर विघटित होतं. त्यामुळे पूड पुन्हा पुन्हा टाकावी लागे.

तिकडे जपानमध्ये उएयामा एइइचिरो या माणसाने हे फूल लावलं आणि १८९० मध्ये त्याची डासांसाठी उदबत्ती काढली. ती लवकर विझायची. वेटोळं करा, ही कल्पना त्याची बायको युकी हिची, आणि १९०२ मध्ये कॉइल बाजारात आली. आपल्या लहानपणीची कासवछाप आठवली ना? ती याच वंशातली. पण आजच्या कॉइलमध्ये सहसा फुलाची पूड नसते, फुलातल्या द्रव्याची नक्कल असते. खरी गंमत इथेच आहे.

१९२४ मध्ये हेरमान स्टॉडिंगर आणि लिओपोल्ड रुझिच्का यांनी पायरेथ्रिनच्या रचनेवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. रुझिच्का मूळचा क्रोएशियातला, फूलही तिथलंच. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं. दुसऱ्या महायुद्धात जपानचा माल बंद झाला, केनियातल्या मळ्यांवर भार आला आणि फूल कमी पडायला लागलं. त्याच सुमारास अमेरिकेत आढळलं की या अर्कात तिळाचं तेल घातलं तर तो जास्त मारक होतो. हो, आपलं तिळाचं तेलच! ते स्वतः किडे मारत नाही, पण किड्याच्या शरीराला विष निकामी करू देत नाही. १९४९ मध्ये ॲलेथ्रिन ही पहिली नक्कल आली. आणि १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला मायकेल एलियट यांच्या गटाने परमेथ्रिन जाहीर केलं. फुलाच्याच साच्यावर बेतलेलं, पण उन्हात टिकणारं.

कुत्र्यांच्या मानेवर थेंब टाकायची जी औषधं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच औषधांत हे परमेथ्रिन असतं. कुत्र्याचं यकृत ते फोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताची ही यंत्रणा फार कमकुवत असते. पॅरासिटॉमॉल मांजराला विषासारखं भिनतं तेही यामुळेच. कुत्र्याचं औषध मांजराला लावलं तर काय होतं? थरथर. मग झटके. मग कधी मृत्यूही. नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेल्या मांजरालाही हे होऊ शकतं.

मग तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर नॅचरल हवंय! पण टी ट्री ऑइल झाडाचंच आहे आणि मांजराला तेही विषारीच. लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडते. आपल्याकडे उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड लावतात, ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. गुरांच्या गोचिडांवर तंबाखूचं पाणी मारायचे, त्यात निकोटिन असतं, आणि तेही मज्जातंतूंवरचं विषच. विष झाडाने बनवलं की प्रयोगशाळेने, हे यकृताला कळत नाही हो.

या सगळ्या इतिहासात बिनविषारी हत्यार एकच दिसतं, बारीक दातांची फणी आणि शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. कंटाळवाणं काम आहे, मान्य. शिवाय पिसवांची अंडी अंगावरून गळून गादीत आणि फरशीच्या फटीत पडतात, त्यामुळे पांघरुणं गरम पाण्यात धुणं आलंच. गोचीड मात्र चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल ओतायचं नाही.

आणि चुकून कुत्र्याचं औषध मांजराला लागलंच, तर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घेऊन लगेच धुवा आणि थेट डॉक्टर गाठा. पाकीट सोबत न्या, आणि त्यावर 'परमेथ्रिन' आहे का ते आधी दाखवा.