धाप, विश्रांती आणि तोल : एका उशिरा उमगलेल्या नात्याचा इतिहास

१/ फुप्फुसाचा जुनाट विकार असलेला वृद्ध घरात पडला, की दोष वयाला दिला जातो. त्याच्या श्वासाचा आणि तोलाचा काही संबंध असेल, हे वैद्यकाला उमगण्यास फार काळ लागला. त्या विलंबाचा हा इतिहास. #थ्रेड

२/ १८१९ मध्ये फ्रेंच वैद्य रेने लेनेक यांनी स्टेथोस्कोपवरील आपल्या ग्रंथात एम्फिसीमाचे, म्हणजे फुप्फुसातील वायुकोश फुगून निकामी होण्याचे, वर्णन केले. रोगाचे स्थान ठरले : छाती. पुढे वैद्यांचे लक्ष तेथेच खिळून राहिले.

३/ चालल्याने धाप लागते, म्हणून चालू नये, हा सल्ला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ होता. त्याची किंमत पायांनी मोजली. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होत. मग थोड्याशा श्रमानेही धाप लागे आणि रुग्ण अधिकच बसून राही.

४/ १९५२ मध्ये अमेरिकेत अल्व्हन बाराक यांनी वेगळी नोंद केली. ऑक्सिजन घेत व्यायाम केलेले रुग्ण पुढे ऑक्सिजनविनाही अधिक चालू लागले. खेळाडूच्या सरावासारखाच हा परिणाम असावा, असे त्यांनी सुचवले. १९६०च्या दशकात डेन्व्हर येथे थॉमस पेटी यांनी व्यायाम, शिक्षण आणि सोबत नेता येणारा ऑक्सिजन यांची सांगड घातली.

५/ रुग्ण चालू लागला. मोजमापही आले : सहा मिनिटांत किती अंतर? पण तो किती स्थिर चालतो, हे त्या मोजणीत नव्हते.

६/ तोल मोजण्याचे साधन दुसऱ्याच दालनात घडत होते. १९८९ मध्ये कॅनडाच्या कॅथरिन बर्ग यांनी वृद्धांसाठी १४ कृतींची, ५६ गुणांची चाचणी मांडली. खुर्चीतून उठणे, डोळे मिटून उभे राहणे, जमिनीवरची वस्तू उचलणे, एका पायावर उभे राहणे, अशा या साध्या कृती.

७/ दुवा शरीरशास्त्राने दिला. ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हात झटकन उचलताना श्वासपटल धड सावरण्यासही मदत करते. २००१ मध्ये निरोगी व्यक्तींवरील प्रयोगात दिसले, की श्वासाची गरज वाढली की त्याचे हे दुसरे काम मंदावते. ज्याला सतत श्वासासाठी झगडावे लागते, त्याच्या तोलाचे काय, हा प्रश्न आता अटळ होता.

८/ टोरांटोत मार्ला बोशॉम्प आणि सहकाऱ्यांनी तो हाती घेतला. नेहमीच्या पुनर्वसनाने तोल थोडाच सुधारतो, असे त्यांना आढळले. २०१३ मध्ये त्यांनी ३६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. त्यांच्यातील एका गटाला सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, तोलाचा खास सराव दिला. त्यांचे बर्ग चाचणीतील गुण इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक वाढले.

९/ या निष्कर्षाची मर्यादाही ध्यानी घ्यावी. चाचणीने तोल मोजला. प्रत्यक्ष पडणे टळते का, हे ठरवण्यास अधिक रुग्ण आणि अधिक काळ लागतो.

१०/ तरीही दृष्टी बदलली. जो विकार जवळपास दोनशे वर्षे केवळ छातीत शोधला गेला, त्याची तपासणी आता पावलांपर्यंत पोहोचली. वैद्यक जे मोजते तेच त्याला दिसते. म्हणूनच रुग्णाला ‘धाप किती लागते?’ याच्या जोडीने ‘गेल्या वर्षात कधी पडलात का?’ असेही विचारले पाहिजे.