गुलाबी डोक्याचे बदक

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही चौघे पैठणजवळ नाथसागराच्या काठी बसलो होतो. धुके विरळ झाले आणि दूर पाण्यावर एक तांबूस डोक्याचे बदक दिसले. "गुलाबी डोक्याचे तर नव्हे?" आमच्यातला एक जण पुटपुटला. क्षणभर सर्वांचाच श्वास अडकला. दुर्बीण स्थिर केल्यावर लाल चोच, काळी छाती आणि पांढऱ्या कुशी स्पष्ट दिसल्या. ती होती मोठी लालसरी, मध्य आशियातून येणारी हिवाळी पाहुणी.

आमची चूक जुनीच आहे. गुलाबी डोक्याच्या बदकाचे शास्त्रीय वर्णन जॉन लॅथम यांनी १७९० मध्ये केले. अंग गडद तपकिरी, डोके व मान गुलाबी. हा दूरदेशीचा पाहुणा नव्हता; बंगाल, बिहार व आसाममधील उंच गवतात दडलेल्या तळ्यांवर तो राही. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बाजारात मारलेल्या बदकांमध्ये तो अधूनमधून विकायला येई. तेव्हाही तो दुर्मिळच होता. पुढे दलदली शेतीखाली गेल्या, शिकारही चालूच राहिली. १९३५ मध्ये बिहारमधील दरभंगा भागात सी. एम. इंग्लिस यांनी तो पाहिला. रानातली ही शेवटची सर्वमान्य नोंद.

त्यानंतरही तो दिसल्याच्या वार्ता येत राहिल्या. सालिम अलींनी १९६० मध्ये या बदकावर स्वतंत्र लेख लिहिला. वार्ता पुष्कळ, पण खात्रीचा पुरावा एकही नाही. अनेकदा मोठ्या लालसरीनेच पाहणाऱ्याला चकवले असावे.

२०१७ मध्ये म्यानमारमध्ये मुद्दाम शोध घेतला गेला. बदक सापडले नाही. तरीही जागतिक यादीत त्याला अद्याप 'नामशेष' म्हटलेले नाही, 'अतिसंकटग्रस्त' म्हटले आहे. म्हणजे प्रश्न अजून खुला आहे. अशा वेळी एक खोटी नोंद शोधणाऱ्यांना भलत्याच तळ्याकडे नेते आणि खऱ्या नोंदीवरचाही विश्वास उडवते.

म्हणून विद्यार्थ्यांना पाणवठ्यावर नेताना एक सवय लावावी. आधी चोच, छाती, कुशी, पंखावरचा पट्टा हे सारे वहीत उतरवायचे. पक्ष्याचे नाव सर्वांत शेवटी. त्या दिवशी आमच्या वहीत नाव पहिल्या ओळीत लिहिले गेले होते. ते आम्ही खोडले, पण पुसले नाही.