शकाचे आंकडे आणि तुलनेचा निवाडा

कोल्हापूरच्या शुक्रवार वेशीजवळील जैन मंदिरांत शिलाहार राजा विजयादित्य याचा शक १०६५ चा शिलालेख आहे. त्याच राजाचा दुसरा लेख कागलजवळील बामणी गांवीं असून त्याचा शक १०७३. यांतील आधींचा कोणता? क्रम चुकला तर कारकीर्दीचा इतिहासच उलटा व्हावयाचा; पण आंकडे समोर येतांच उत्तर मिळतें. वजाबाकी कोणी करीत नाहीं. पहिले दोन अंक सारखे, तिसऱ्या ठिकाणीं सहा व सात; निवाडा झाला. शेवटचे पांच आणि तीन पाहण्याचें कारणच उरत नाहीं.

हेच शक संस्कृत शब्दांनीं सांगितले म्हणजे मौज होते. पंचषष्ट्युत्तरसहस्र आणि त्रिसप्तत्युत्तरसहस्र! येथें कानावर प्रथम पडतात ते पंच व त्रि, आणि पांच तर तिनाहून मोठे. ऐकणारानें सहस्रापर्यंत धीर धरला पाहिजे. (मराठींतील पासष्ट व त्र्याहत्तर यांचीही तीच तऱ्हा.) त्याहून पुष्कळ जुन्या, इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमाराच्या नाणेघाटांतील सातवाहन लेखांत दहा, शंभर, हजार यांना निरनिराळीं चिन्हें होतीं, शून्य नव्हतें. एका चिन्हाचा हजार हा दोन चिन्हांच्या अकराहून मोठा, म्हणून लांबीवरून कांहींच कळत नसे. स्थानमूल्यानें ती सोय झाली: ज्याचे अंक अधिक तो आंकडा मोठा. मात्र लांबी न पाहतां डावीकडून अंक जुळवीत गेल्यास शक ९९९ हा १०६५ च्या पुढचा ठरेल. संगणकांत आंकडे अक्षरें म्हणून ठेवले असतां हा घोटाळा खरोखरच होतो.

तेच आंकडे पूर्णांक म्हणून ठेवले तरी तुलना कशी करावी हा प्रश्न राहतोच. गणितांतील फलनाच्या धर्तीवर रचलेल्या हास्केल या संगणकभाषेची पहिली व्याख्या १९९० सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांतील ‘कंपेअर’ या फलनास दोन पूर्णांक दिले असतां लहान, समान, मोठा यांपैकीं एक उत्तर येतें, आणि त्याच दोन संख्यांना तें कधींही बदलत नाहीं. वजा करून चिन्ह पाहण्याची युक्ति सोपी दिसते, पण धोक्याची आहे. ३२ द्विमान अंकांच्या घरांत मावणारा सर्वांत मोठा पूर्णांक २१४७४८३६४७. त्यांतून उणे १ वजा केल्यास उत्तर घरांत मावत नाहीं, उलटून ऋण होतें, आणि मोठा तो लहान ठरतो. हास्केलमधील ‘इंटीजर’ या प्रकाराला अशी मर्यादा नाहीं. ‘इंट’ला मात्र आहे. तेथें वजाबाकीची उसनवारी न करतां थेट ‘कंपेअर’लाच विचारावें.